फ्री थ्रोचा मान

हाफ टाइमला सोपान पाटलांनी रेफरीच्या मोटारसायकलची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"गाव हारलं तर घरी बेल्ह्यापर्यंत पायी जायचं, मच्छिंद्रराव. रस्त्यात आमची पोरं भेटतीलच."

मच्छिंद्र शिट्टी घेऊन मैदानात परतला. काय करणार बिचारा! मैदान पाटलांचं, कॅप्टन पाटलांचाच पोरगा समर्थ, आणि कडेला उभं गाव पहिल्या शिट्टीपासून त्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होतं.

शेवटी लोणीची टीम एका पॉइंटनं पुढं होती. गावाकडून खेळणारा जानकू बास्केटखाली उडाला, लोणीच्या पोरानं त्याच्या हातावर सणसणीत फटका मारला. शिट्टी वाजली आणि त्याच क्षणी टाइम संपला.

"फाऊल! नऊ नंबर मारणार, दोन फ्री थ्रो," जानकूकडं बोट करून मच्छिंद्र स्कोअरच्या टेबलाकडं ओरडला.

जानकूनं बॉलसाठी हात पुढं केले.

"ए, थांब!" सोपानराव थेट मैदानात आले. "यात्रेत नारळ कोण फोडतं? आमी. बैलगाड्याचा पहिला मान कुणाचा? आमचा. आन् मेंढरं राखणाऱ्याच्या पोरानं गावाला जिकून द्यायचं व्हय? हो बाजूला. समर्थ मारंल."

जानकूचे डोळे भरले. त्यानं मच्छिंद्रकडं पाहिलं. मच्छिंद्रनं नजर चुकवली आणि बॉल चार नंबरच्या समर्थला दिला. शी! टेबलावर स्कोअर लिहिणाऱ्या नंदाबाई काही बोलायला उठल्या, तर त्यांनाही त्यानं हातानंच खाली बसवलं.

पहिला आत. दुसराही आत. गुलाल उडाला, समर्थ खांद्यावर चढला. लोणीची पोरं माना खाली घालून टेम्पोत बसली आणि निघाली.

"लई शहाणं निघालात राव," म्हणत सोपानरावांनी किल्ली परत केली.

मच्छिंद्रनं गाडीला किक मारली. नंदाबाई स्कोअरशीट घेऊन धावत आल्या. रेफरीची सही झाल्याबिगर मॅच काही संपत नाही. गाडीवर बसूनच त्यानं शेवटचे दोन पॉइंट खोडले, सही ठोकली आणि गिअर टाकला.

"पाटील, ज्याच्यावर फाऊल झाला त्यानंच मारायचं असतं," तो ओरडला. "दुसऱ्यानं मारलं की रद्द. लोणी एकानं जिकली!"