बिटाचे काप

"इतकं पातळ?" मेहुण्यानं बिटाचा काप उजेडाला धरला.

"त्यातून खिडकीचे गज दिसले पाहिजेत," ती म्हणाली. "जाड राहिला तर कडेनं करपतो आणि मधे कच्चा राहतो."

तो हसला आणि पुढचं बीट किसणीच्या काप पाडायच्या पात्यावर सरकवू लागला. त्याला येऊन बराच वेळ झाला होता. एवढ्या वेळात त्यानं तिला एकदाही ताई म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानातही आलं नसतं. पण तिची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. चुकीच्या शब्दाआधी तिला गाळलेला शब्द दिसायचा. तिथे ती हंसपदाची खूण करायची आणि राहिलेला शब्द वर लिहायची. बांधणी खात्यातल्या एका तरुणानं तिचं नावच हंसपद पाडलं होतं. "काय हंसपद, आज कुणाची खोड मोडलीत?" असं विचारत तो तिच्या टेबलाशी रेंगाळायचा. एकदा तीच त्याला घरी चहाला घेऊन आली. दार धाकट्या बहिणीनं उघडलं. पुढचं सगळं इतकं झटपट झालं की वाईट वाटून घ्यायलाही तिला सवड मिळाली नाही. लग्नानंतर तो तिला ताई म्हणाला. वयानं तिच्याहून मोठा असून म्हणाला. घरात सगळे हसले. तीही हसली.

त्या एका शब्दाला तिनं कुंपण मानलं होतं, आणि धाकटी वारल्यावरही ते जागचं हललं नव्हतं. तो अधूनमधून यायचा, ताई म्हणायचा, चहा घेऊन जायचा. गेल्या आठवड्यात मात्र त्याचा फोन आला. तुम्ही ते भाज्यांचे काप ओव्हनमध्ये भाजता ना, तसे मला शिकवाल का, म्हणाला. तळलेलं सोडायचं ठरवलंय. आज तो स्वतः निवडून बीट, गाजरं, रताळी घेऊन आला होता. दाढी गुळगुळीत. शर्ट इतका नवा की घड्या अजून उठून दिसत होत्या. या वयात हे काय भलतंच, असं तिनं स्वतःला सकाळपासून बजावलं होतं आणि तरी ठेवणीतले कप काढले होते.

तिनं ट्रेवर कागद पसरला, त्यावर तेलाचं बोट फिरवलं. काप मांडताना तिनं त्याला टोकलं. "जरा अंतर ठेवा. अंगाला अंग लागलं की वाफ धरतात आणि मऊ पडतात." आपलंच वाक्य कानावर पडलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याचं लक्ष नव्हतं. तो कागदाच्या घड्या जुळवाव्यात तसे काप ओळीत लावत होता.

"छापखान्यात एवढी कोरी जागा सोडली असती तर मालक अंगावर आला असता," तो म्हणाला.

ती मनापासून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

पहिला ट्रे निघाला. त्यानं लगेच एक काप मोडून पाहिला. तो वाकला, मोडला नाही. त्याचा चेहरा पडला. जाळीवर गार होऊ द्या, तिनं समजावलं, गार झाल्यावरच कुरकुरीत होतात. घाई करणाऱ्याला नेहमी वाटतं, सगळं बिघडलं. मग दोघं जाळीपाशी उभे राहून वाट पाहत राहिले. थोड्या वेळानं त्यानं काप तोंडात टाकला. कुर्रकन आवाज झाला. त्यानं डोळे मिटले आणि मान डोलावली.

तिनं जन्मात कुणाला आपणहून काही विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"आज ताई गाळलीत तुम्ही. मुद्दाम, की नजरचूक?"

तो गोरामोरा झाला. तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही, असं पुटपुटला. मग त्याला जणू सुटल्यासारखंच झालं आणि तो भडाभडा बोलत सुटला. आज सांगणारच होता. संध्याकाळच्या फिरण्यात एका बाईंची ओळख झाली होती. चांगल्या आहेत. एकट्याच आहेत. पुढच्या महिन्यात दोघं नोंदणी करणार होते, गाजावाजा न करता. त्याच्या मुलीलाही पसंत आहे. बाईंना तेलकट अजिबात सोसत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

"आणि त्यांची थोरली बहीण त्यांच्याबरोबरच असते," तो म्हणाला. "आता त्यांना ताई म्हणावं लागणार. दोन-दोन ताया म्हणजे घोटाळा. म्हटलं, तुम्हाला मावशी म्हणावं. मुलगी म्हणते तसं. चालेल ना?"

"चालेल की," ती म्हणाली.

भाजीवाला तिला मावशीच म्हणायचा. जिना पुसायला येणाऱ्या बाईला तीही मावशीच म्हणायची.

त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. त्यानं मूठभर काप खाल्ले, हात धुतले, उरलेली भाजी पिशवीत भरली. आज रात्रीच करून बघतो, म्हणाला. चपला घालता घालता त्याला आठवलं.

"अरे, एक राहिलंच. मीठ कधी लावायचं, मावशी?"

मीठ लावायचं ते काप ओव्हनमधून काढल्यावर. मघाशी तो जाळी शोधत असताना तिनं ते भुरभुरलं होतं. आधी लावलं तर काप पाणी सोडतात आणि मग कितीही भाजले तरी चामट राहतात. छापखान्यात इतकी वर्षं काढली, पण दिसलेली चूक तिनं कधी पुढे जाऊ दिली नव्हती.

"आधी," ती म्हणाली. "कापल्या कापल्या. सढळ हातानं."