स्वस्त गाव

मुक्ताईने दुसरी भाकरी अवधूतच्या ताटात वाढली आणि नवऱ्याकडे पाहिलं. वैजनाथने मान खाली घातली.

सकाळपासून हेच चाललं होतं. रत्नागिरीत कमी भाड्याच्या दोन खोल्या मिळतील का, एवढंच अवधूतला विचारायचं होतं. कात्रजच्या या घराचं अ‍ॅग्रीमेंट महिनाअखेरीस संपत होतं. मालकाने सांगितलेलं नवं भाडं वैजनाथच्या एकट्याच्या पेन्शनमध्ये बसत नव्हतं. "मित्र तुमचा आहे, तुम्हीच विचारा," असं मुक्ताईने त्याला पहाटेच बजावलं होतं.

वैजनाथ आणि अवधूत एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर होते. निवृत्तीनंतर अवधूत बायकोला, प्रेमलाला घेऊन रत्नागिरीला गेला. रविवारी त्याचा फोन यायचा. आमच्याकडे खर्च असा नाहीच, मासळी दारात येते, म्हणायचा. वैजनाथही मागे राहायचा नाही. आमचं इथं अगदी मजेत चाललंय, पाण्याला तोटा नाही, सांगायचा. फोन ठेवला की मुक्ताई म्हणायची, "हे जरा टँकरवाल्यालाही कळवा."

"या वेळी काय काम काढलंस?" वैजनाथने विचारलं.

"काम कसलं? सहज आलो."

"भाऊजी, मासे खाणाऱ्या माणसाला पिठलं वाढलंय," मुक्ताई म्हणाली. "मनात काही आणू नका."

"छे हो वहिनी. मासे आता कुठे रोज…" अवधूत बोलून गेला आणि त्याने पाण्याचा तांब्या उचलला.

"दारात येतात ना?"

"येतात की. टेम्पो दारावरूनच हॉटेलांकडे जातो. वास आम्हाला फुकट."

तो एकटाच हसला. मग भाकरीचा तुकडा हातात घेऊन तसाच बसून राहिला.

"वैजनाथ, तुमच्या बिल्डिंगमध्ये एखादी खोली रिकामी आहे का रे? एकच असली तरी चालेल."

"कुणाला हवीय?"

"आम्हालाच. मालकाला आमच्या घराचा होमस्टे करायचाय. शनिवार-रविवार तुमची पुण्याची माणसं येतात, आमचं महिन्याचं भाडं दोन दिवसांत देऊन जातात. त्याला तरी काय बोलायचं?" तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिथं बरीच घरं पाहिली. झेपेल असं नाही मिळालं. प्रेमला म्हणाली, पुण्याला जाऊन या. वैजनाथभाऊजींचं तिथं मजेत चाललंय, ते काहीतरी बघतील."

मुक्ताईने पदराने तोंड पुसलं. ती हसत होती की काय, ते कळलं नाही.

"आम्ही तुला विचारणार होतो," वैजनाथ म्हणाला.

"काय?"

"हेच. रत्नागिरीचं."

अवधूतने आधी त्याच्याकडे, मग मुक्ताईकडे पाहिलं. "अरे, मग फोनवर इतके दिवस…"

"तू तरी काय सांगत होतास?"

अवधूतने हातातला तुकडा पिठल्यात बुडवला आणि उगाच बराच वेळ चावत राहिला.

खिडकीतला फोन वाजला. घरमालकाचा होता. वैजनाथ उठला नाही. फोन वाजून वाजून थांबला.

"घे ना, पिठलं घे अजून," वैजनाथ म्हणाला.

"पुरे. पोट भरलं."

मुक्ताई पातेलं घेऊन आत गेली. ओट्यापुढे जेमतेम एक माणूस उभं राहील एवढीच जागा होती. पातेलं ठेवून ती तिथंच थोडी भिंतीकडे सरकली आणि राहिलेल्या जागेकडे पाहत राहिली. मग तिने पलीकडच्या खोलीकडे नजर टाकली. तिथं जुना पलंग होता, कपाट होतं, आणि त्यांच्यामध्ये एक सतरंजी मावली असती.

"भाऊजी," ती आतूनच म्हणाली, "प्रेमलाताईंना स्वयंपाकघरात दुसरी बाई चालते का हो?"