फाटकी नोट

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पाचाची फाटकी नोट "नडेयल्ला, पुट्टी", चालणार नाही, असं कानडीत म्हणत परत केली, तशी सहा वर्षांची भूमिका रडवेली होऊन घरी आली. तिच्या मते नोट मेली होती.

तिची आई वीणा बँकेत काउंटरवर बसायची. तिने नोट ट्यूबलाइटसमोर धरली.

"फाटली म्हणून किंमत जात नाही, बाळा. निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, नंबर वाचता येतोय. आमची बँक हिचे पूर्ण पाच रुपये देईल."

"चिकटपट्टी लावलेली असली तरी?"

"तरी."

भूमिकाने हे दोनदा वदवून घेतलं आणि ती आतल्या खोलीत गेली. तिथे वीणाचे सासरे, आप्पाजी, महिनाभर पडून होते. अर्धांगाने उजवी बाजू गेली होती, ओठ वाकडे झाले होते. नात हसेल म्हणून ते तिच्याशी बोलायचेच थांबले होते. "मला आता मोडीत काढा," एवढंच एकदा वीणाला म्हणाले होते.

भूमिका खाटेवर चढली. दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरून तिने खिडकीतल्या उजेडाकडे वळवला.

"आप्पाजी, माझं नाव सांगा."

मागून आलेली वीणा दारातच थबकली. मग वाकड्या ओठांतून एकेक अक्षर बाहेर आलं.

"भू... मि... का."

"सरी, बरोबर," भूमिका थेट आईच्या काउंटरवरच्या आवाजात म्हणाली. "नंबर वाचता येतोय. पूर्ण पाच रुपये."