डब्यातलं हिरवं पान

परातीतलं मियॉक फुगतच चाललं होतं. सो-दामनं भिजत घातलं तेव्हा ते नुसतं वाळकं, काळं समुद्रशेवाळ होतं. आता ते हिरवंगार होऊन काठावरून ओट्यावर उतरलं होतं, खिडकीबाहेरचा समुद्र नळातून आत आल्यासारखं. पोरं हसत दुसऱ्या पराती शोधत होती. सो-दामला मात्र हे सगळं झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

गेले तीन आठवडे तिला सगळंच तसं वाटत होतं. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होऊन गेली होती. बारावीच्या वर्गात आता ना पुस्तकं होती ना घाई. काचांवर वाफ धरायची आणि पोरं बाकावर डोकं टेकून पडायची. वसंतात विद्यापीठ सुरू झालं की हीच पोरं शहरात एकटी राहणार, म्हणून प्यो बाईंनी त्यांना उठवून स्वयंपाकाच्या वर्गात आणलं होतं. तिथं बटण लावायला शिकायचं, घरभाड्याचा करार वाचायला शिकायचं आणि प्रत्येकानं चिठ्ठीत निघेल तो एक पदार्थ एकट्यानं रांधायचा. बाईंचा नियम एकच होता. चाखल्याशिवाय नावं ठेवायची नाहीत.

सो-दामच्या चिठ्ठीत मियॉकचं सूप निघालं. नशीबसुद्धा कसं टोमणे मारतं बघा. हे सूप वाढदिवसाला प्यायचंच, आणि परीक्षेच्या दिवशी त्याला शिवायचंही नाही, कारण ते निसरडं. जो प्यायला तो परीक्षेत घसरला, असं म्हणतात. यंदा तिचा वाढदिवस नेमका परीक्षेच्याच दिवशी आला होता. दुपारच्या सुट्टीत तिनं थर्मासचं झाकण फिरवलं, तर आत हिरवं पान तरंगताना दिसलं. आईला वाढदिवस तेवढा आठवला, परीक्षा आठवली नाही. तोंड फिरवून तिनं सगळं सूप खरकट्याच्या बादलीत ओतलं. नंतरच्या इंग्रजीच्या पेपरात अक्षरं डोळ्यांपुढून निसटत राहिली.

तेव्हापासून तिनं आईशी अबोला धरला होता. का, ते सांगितलं नव्हतं. आई बंदरावरच्या शेडमध्ये दिवसभर कालवं सोलायची, सुजलेल्या हातांनी घरी येऊन ताट वाढायची आणि पेपर अवघड गेला असेल पोरीला, असं समजून गप्प राहायची. सो-दामला त्या गप्प राहण्याचाही राग येत होता.

प्यो बाई परातीपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एक लांबलचक पान बोटांनी उचलून उजेडात धरलं.

"किती भिजवलंस गं हे?"

"घरात होतं तेवढं सगळं."

"अगं, एवढ्यात गावजेवण होईल. पाकीट फोडलेलं होतं की नवं?"

"नवंच. मीच फोडलं आज सकाळी..."

आई मियॉक वर्षातून एकदाच आणायची, थंडीच्या तोंडाशी, तिच्या वाढदिवसासाठी. एकच पाकीट. ते फोडायचं वाढदिवसाच्या पहाटे. आणि आज कपाटातून काढलं तेव्हा ते दुकानातून आणलं तसंच बंद होतं.

पातेल्यांना उकळी फुटली होती. वाफेनं अख्खी खोली पांढरी झाली, आणि पोरांचे आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखे वाटू लागले. सो-दाम हात न पुसताच जिन्यात गेली. ओल्या बोटांनी तिनं आईला फोन लावला.

पलीकडे पाण्याची धार आणि शिंपल्यांचा खडखडाट ऐकू आला. तीन आठवड्यांनी लेकीचा फोन आलेला बघून आई आधी घाबरली, मग काही झालेलं नाही हे कळल्यावर हसली.

"आई, परीक्षेच्या दिवशी डब्यात कसलं सूप होतं?"

"पालकाचं. मियॉक कसं देईन मी त्या दिवशी?" आई म्हणाली. "वाढदिवस मागाहून करू म्हटलं, तर तू बोलेनाशीच झालीस. पण थर्मास रिकामा बघून मला इतकं बरं वाटलं बघ, की पोरगी निदान पोटभर जेवली."