आधी मोठ्यांनी

“भूक लागते तरी कशी तुम्हाला, वहिनी?” मिर्योंगनं विचारलं, आणि स्वतः माशाच्या वड्यांची तिसरी काडी उचलली.

सोमुन बाजारातल्या खाऊच्या गाडीपुढच्या बाकावर उन्शिलनं अंग टाकलं होतं, आणि आता कोणी उठवलं असतं तरी ती उठली नसती. थोड्या वेळापूर्वीच सासूबाईंना शुश्रूषागृहात सोडून नणंद-भावजया परतल्या होत्या. उन्शिलच्या नवऱ्यानं ऐन दिवशी कामाचं निमित्त काढलं होतं. निघताना सासूबाईंनी दारात उभं राहून, पाहुण्यांना द्यावा तसा हसून निरोप दिला होता. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

समोर लाल रश्श्यात तोकबोक्की वाफाळत होती. उन्शिलनं तांदळाच्या पिठाची एक मऊ नळी तोंडात टाकली आणि तिखटानं तिचं नाक वाहायला लागलं. किती वर्षांनी ती अशी बसून, गरम गरम काही खात होती! तिला फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

“माझ्या तर घशाखाली घास उतरत नाही,” रिकामी काडी बाजूला ठेवत मिर्योंग म्हणाली. “भरवल्याशिवाय आई जेवत नाही. तिथे एकेका बाईच्या गळ्यात आठ-आठ म्हातारी माणसं. कोण भरवत बसणार तिला?”

नेमक्या याच विचारानं उन्शिलचा जीव कुरतडला जात होता. गेली नऊ वर्षं सासूबाई जेवायला बसायच्या त्या हात मांडीवर ठेवून. समोरच्या वाडग्याकडे नुसत्या बघत राहायच्या. जेवायचं कसं हेच विसरल्यात, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून उन्शिल तिन्ही त्रिकाळ फुंकर घालून एकेक चमचा भरवत होती, आणि स्वतःचा गार झालेला भात मागाहून ओट्याशी उभ्यानं संपवत होती. आज तिनं तिथल्या सेविकेला चारचारदा बजावलं होतं, भरवलं नाही तर उपाशी राहतील. सेविकेनं मान डोलावली होती. मान काय, सगळेच डोलावतात.

“आणखी एखादं वर्ष काढायचं होतंत, वहिनी.”

“तुम्ही न्या ना सोलला, वन्सं. महिनाभर न्या.”

मिर्योंगनं रश्श्याचा पेला तोंडाला लावला. सोलहून ती सणासुदीला फळांची पेटी घेऊन यायची आणि जाताना चार सल्ले ठेवून जायची. दुरून डोंगर साजरे.

“भांडायचं असेल तर आधी पोळ्या खाऊन घ्या, बायांनो,” गाडीवाली मावशी म्हणाली. “भांडण काही गार होत नाही.” तव्यावर दाबून चपट्या केलेल्या दोन गोड पोळ्या कागदी पेल्यांत घालून तिनं पुढे केल्या. “जपून हं. आतला साखरेचा पाक जीभ भाजतो.”

तेवढ्यात उन्शिलचा फोन वाजला. शुश्रूषागृहातल्या सेविकेचा होता. मिर्योंगनंच तो झटकन उचलून दोघींना ऐकू येईल असा धरला.

“जेवल्या का त्या?” उन्शिलनं एकदम विचारलं.

“जेवल्या की! वाडगं चाटूनपुसून. तेच सांगायला फोन केला.”

“भरवलं कोणी?”

“कोणीच नाही. मी भरवायला गेले तर तोंड घट्ट मिटून बसल्या. मग शेजारच्या आजी आल्या, नव्वदी पार केलेल्या. त्यांनी चमचा उचलला, तसा यांनीही लगेच उचलला. मी यांना म्हटलं, आजी, मघापासून का थांबला होतात? तर माझ्यावरच डाफरल्या, ‘सासूच्या आधी सुनेनं चमचा उचलायचा असतो का? तुझ्या आईनं काही वळण लावलंय की नाही?’”

मिर्योंगला हसू फुटलं. हसता हसता ती रडायलाच लागली. “अगं बाई! आपण बसायचो तिच्यासाठी थांबून, आणि ती...”

“त्यांच्या सासूबाईंसाठी,” उन्शिल म्हणाली. “रोज.”

मावशीनं पुढची पोळी तव्यावर टाकली. मग मिर्योंगनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच भावजयीच्या पाठीवर हात ठेवला.

“मी उगाच तोडून बोलले, वहिनी. आईचं करण्यात तुम्ही कशातच कमी पडला नाहीत.”

उन्शिलनं पोळीचा मोठा घास घेतला. पाकानं जीभ पोळली, तरी तिनं तो तसाच गिळला.

“पडले की,” ती म्हणाली. “वयात.”