आयलू गो

मनस्वीने लॅपटॉपचा माइक बंद केला, रडणाऱ्या लेकीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोबाइल खांद्याने कानाशी दाबला. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातून बाबाचा फोन.

"आयलू गो."

"बरं, आलास. काही काम होतं?"

"नाय. खाडीतून आयलू, बस."

फोन मात्र ठेवेना. आई गेल्यापासून रोज हेच. होडी भरती-ओहोटी बघून जायची, त्यामुळे वेळेचाही नेम नाही. काल बाळाचा नुकता डोळा लागलेला तेव्हा, आज ऐन मीटिंगमध्ये.

"बाबा, माझं किती हेक्टिक शेड्यूल असतं, ठाऊक आहे ना तुला? काही काम असेल तेव्हाच फोन कर ना!"

"हा गो. चुकला माजा."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मीटिंग सुरळीत झाली, बाळ सलग झोपलं. मनस्वीचं मात्र कशात लक्ष लागेना. मोबाइल उलटा ठेवायची, परत सुलटा करायची. शेवटी तिने बाबाच्या शेजारच्या धोंडूबाईंना फोन लावला.

"हाय ना बरा. होडी बांधून कवाचा आयलाय. उंबऱ्याव बसलाय. तीन दिस असाच बसतो गो, घरान जात नाय. मीच ताट नेऊन देते."

फोन ठेवते तोच नवऱ्याचा, शौनकचा आला. "घणसोलीच्या सिग्नलला आहे. आलोच."

"ये. भात टाकते."

बोलली आणि तांदळाच्या डब्यातला हात तिथेच थांबला.

बाबा खाडीवरून यायचा. दारात पाय धुता धुता हाक द्यायचा, "आयलू गो!" आतून आईचा आवाज यायचा. रोज हेच शब्द, जे आत्ता ती शौनकला बोलली. ते ऐकले की मगच बाबा आत यायचा.

तिने घाईघाईने नंबर लावला.

"बाबा, आलास?"

"कवाच. पन तुजा काम चालू अशील—"

"ते राहू दे. नेहमीसारखं सांग ना."

पलीकडे बाबाने घसा खाकरला.

"आयलू गो."

"ये," मनस्वी म्हणाली. "भात टाकते."

पलीकडे उंबऱ्यावरून उठल्याची चाहूल लागली, आणि मग दाराची कडी वाजली.