बाहेरून एकच

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात तेव्हा केबल कंपनी घरटी एकाच कॉम्प्युटरला इंटरनेट देई. वीबेने जिन्याखालच्या कपाटात जुनं मशीन ठेवून केबल त्याला जोडली, त्यावर लिनक्स टाकलं आणि त्यातून एक वायर आपल्या खोलीत नेली, दुसरी पोटमाळ्यावर बायकोच्या, रेन्स्केच्या खोलीत.

"कंपनीने पकडलं तर?" रेन्स्केने विचारलं.

"त्यांना फक्त हे खोकं दिसतं. आत दोघं वेगवेगळे आहेत, याचा बाहेर पत्ताच लागत नाही."

"कुणाकडून शिकलास रे हे?"

तेवढ्यात बेल वाजली. रविवारच्या कॉफीला त्याची आई आली होती. रेन्स्के पोटमाळ्यावर धावली, आपली उशी आणून तिने वीबेच्या पलंगावर ठेवली आणि मग दोघांनी मिळून दार उघडलं.